लिलावअण्णा आणि उणकलचं तळं

लिलावअण्णा विकायच्या वस्तूकडे कधी बघत नसत. वस्तू त्यांच्या पाठीमागे टेबलावर असायची आणि ते तिच्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभे. हुबळीत पहिल्यांदाच लिलावाला आलेल्या माणसाला वाटायचं, हा काय प्रकार? सोनाराने दागिन्याकडे पाठ फिरवून बसावं तसं ते दिसे. पण जुन्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं की शनिवारी दुपारभर हाच माणूस एकेक वस्तू हातात घेऊन, उलटीसुलटी करून, प्रसंगी वास घेऊनसुद्धा बघून ठेवतो. रविवारी मात्र मान वळवायची नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, "वस्तू काय कुठं पळून जातीय? बघायचं ते माणसाकडं. माणसाच्या तोंडावर किंमत लिहिलेली असतीय."

त्यांचं खरं आडनाव गोदामाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचल्याचं कुणाला आठवत नाही. स्टेशनच्या बाजूला एक जुनं कापसाचं गोदाम होतं. त्यात रविवारी सकाळी लिलाव भरे. कापूस जाऊन किती वर्षं झाली होती, तरी आत शिरलं की नाकात बारीक तंतू जाऊन शिंक यायचीच. धारवाडच्या प्राध्यापकांची कपाटं, रेल्वेच्या साहेबांची जेवणाची टेबलं, इंग्रजी काट्याचमच्यांचे मखमली पेटीतले संच, सोनेरी चौकटीतली तैलचित्रं असं काय काय तिथे यायचं. मुलं बंगळुरूला नाहीतर अमेरिकेला, आईवडील गेले, घर बिल्डरला दिलं, की सामान अण्णांकडे. त्या घरांतली माणसं शक्यतो लिलावाला येत नसत. एखादी सून यायची, काळा चष्मा लावून मागे बसायची आणि अर्ध्यातून निघून जायची.

बोली थांबली की अण्णा मोजत. पहिली मोजणी मराठीत, "एक वार!" दुसरी कन्नडमध्ये, "यरड सल!" आणि तिसरीला काहीच नाही, नुसती हातोडी. एकदा मी विचारलं, "अण्णा, तिसरी कुठल्या भाषेत?" तर म्हणाले, "तिसऱ्याला भाषा नसतीय, बाळ. तिसऱ्याला आवाज असतोय."

चांदी आली की ते वेगळेच होत. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची रीत. अत्तरदाणीच्या बुडाशी, तबकाच्या काठावर, पंचपात्रीच्या पोटावर कुणीतरी कुणाला कधीतरी दिल्याचं कोरलेलं असतं. सराफ मंडळींना त्याचं काही नसे. ती डोळ्यांनीच वजन करून मोडीचा हिशेब मांडून बसलेली असत. पण अण्णा शनिवारी ती नावं पाठ करून ठेवत आणि बोली सुरू करण्याआधी मोठ्यानं म्हणत, "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी इंदू हिला मामाकडून." मग क्षणभर थांबत, हात जोडत आणि म्हणत, "आता बोला." सगळं गोदाम तेवढा वेळ गप्प राही. त्यांच्यामागे सराफ हसत असतीलही, पण समोर कुणाची हिंमत नव्हती.

एवढा मायाळू माणूस हातोडीच्या बाबतीत मात्र दगड होता. रायापूरच्या एका आजींच्या मुलानं आईला न विचारता एक जुनं कपाट लिलावात पाठवलं. खालच्या खणात आजींच्या लग्नातली गुलाबदाणी होती. ती कपाटाबरोबर न जाता वेगळी पुकारली गेली आणि बेळगावच्या एका सराफानं घेतली. आजी रिक्षा करून गोदामात पोचल्या तेव्हा हातोडी पडून चहाचा एक घोट झाला होता. त्या अण्णांच्या पायाशी बसल्या. सराफ ऐकेना. अण्णांनी मनात आणलं असतं तर चूक झाली म्हणून ती बोली मोडता आली असती. ते आजींसमोर हात जोडून उभे राहिले, डोळ्यांत पाणी, पण म्हणाले, "आक्का, हातोडी खाली आली की वस्तू माझी नाही, तुमची नाही. एकासाठी उचलली तर उद्या सगळ्यांसाठी उचलावी लागेल. मग ती हातोडी कसली, खुळखुळा झाला." पुढच्या आठवड्यात ते रायापूरला आजींना भेटायला गेले. आजींनी दारातूनच परत पाठवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. "बरोबर केलं त्यांनी," असं अण्णा स्वतःच सगळ्यांना सांगत.

माझे बाबा वकील. देशपांडे नगरात आमचं घर. रविवारी कोर्ट बंद, म्हणून ते लिलावाला जात आणि काहीतरी विचित्र घेऊन येत. चाव्या नसलेलं घड्याळ, एका डोळ्याची दुर्बीण, असलं. आई म्हणायची, "अशील बरे की हो, निदान घरात राहायला येत नाहीत." मी लहानपणापासून बाबांबरोबर जायची, आणि पुढे शाळेत शिक्षिका झाले तरी जातच राहिले.

अण्णांची एक पद्धत होती. जी वस्तू कुणी घेणार नाही ती ते दुसऱ्या कशाबरोबर जोडून पुकारत. "लंगड्याला खांदा द्या रे कुणीतरी," असं म्हटलं की गोदामात काम करणारा मक्तुमसाब मागच्या खोलीतून एखादी वस्तू आणून जोडीला ठेवी. एका दिवाळीच्या तोंडावर धारवाडच्या कुठल्याशा साहेबी बंगल्यातून भिंतीतल्या शेकोटीचं सामान आलं. सळई, चिमटा, छोटंसं फावडं, कोळशाची पितळी बादली आणि शेकोटीपुढे लावायचा पितळी कठडा. हुबळीत शेकोटी पेटवायची कुणाला गरज? इथे माणसं पंख्याखाली बसून उकडतंय म्हणतात. बोली उठेना. अण्णा मागे न बघता म्हणाले, "मक्तुमसाब, एखादं चित्र लावा जोडीला." मक्तुमसाबनं मागच्या खोलीतून भिंतीला टेकून ठेवलेलं एक तैलचित्र आणलं. जाड कोरीव चौकट आणि आत संध्याकाळचं उणकलचं तळं. बाबांनी हात वर केला. एक वार, यरड सल, ठक्क.

आईनं कपाळाला हात लावला. पण ती बाई काही वाया घालवणारी नव्हे. सळई बंबाला लागली. चिमट्यानं ती रताळी भाजू लागली, बादलीत कांदे ठेवले आणि पितळी कठडा तुळशीभोवती लावला, म्हणजे गल्लीतलं कुत्रं येऊ नये. चित्र बाबांनी बैठकीत लावलं. खिळा आधीपासून होताच.

त्याच दिवशी दिवेलागणीला अण्णा आमच्या घरी आले. असे ते कधी कुणाच्या घरी जात नसत. आईनं दार उघडलं, ते आत आले आणि चित्रासमोर उभे राहिले. बसाही म्हणवेना असा त्यांचा चेहरा.

"काय झालं, अण्णा?" बाबांनी विचारलं.

"हिनं काढलेलं हाय हे," अण्णा म्हणाले.

हिनं म्हणजे त्यांच्या बायकोनं. ती वारून बरीच वर्षं झाली होती. आम्ही तिला कधी पाहिलं नव्हतं. गोदामाच्या वरच अण्णांचं घर होतं. दिवाळीसाठी घराला चुना लावायला काढला होता आणि म्हणून घरातलं सामान खाली, लिलावाच्या सामानाच्या मागच्या खोलीत आणून ठेवलं होतं. मक्तुमसाबला वाटलं, मागचं म्हणजे हेच. आणि अण्णांनी सवयीप्रमाणे मान वळवली नव्हती.

बाबा खुर्चीवर चढून चित्र काढायला लागले. अण्णांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या, वकीलसाहेब. बोली तुमची होती."

"अहो, ही चूक आहे! दोघांचीही चूक. कायद्यानं हा व्यवहारच झाला नाही असं धरतात." बाबा खुर्चीवर उभ्या उभ्या बाजू मांडू लागले. असा खटला त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता, अशील आपल्याच विरुद्ध भांडतोय.

"तुमचा कायदा कोर्टात. गोदामात माझा," अण्णा म्हणाले. "रायापूरच्या त्या आक्कांना मी काय सांगितलं होतं? आता माझी वस्तू आली म्हणून हातोडी उचलू होय?"

आई म्हणाली, "मग भेट म्हणून घ्या. दिवाळीची भेट."

"भेट नव्हे ती. ती हातोडी उचलणंच झालं, आक्का. नुसतं नाव दुसरं."

 मग हा एवढा करारी माणूस एकदम लहान आवाजात म्हणाला, "गुरुवारी गोदाम बंद असतंय. गुरुवारी येऊन बघून जाऊ का?"

तेव्हापासून अण्णांचा गुरुवार आमच्याकडे. चार वाजता फाटक वाजायचं. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवलेल्या. वेताची खुर्ची चित्राकडे तोंड करून आई आधीच ठेवायची. ते बसत, कॉफी घेत, आणि बघत राहत. बोलत नसत. आम्ही आमची कामं करत असू. मी वह्या तपासत बसे, बाबा पोथ्यांसारख्या जाड फायली उलटत, आई कोथिंबीर निवडे. सुरुवातीला मला अवघडल्यासारखं व्हायचं, आपल्याच घरात आपण देवळात बसल्यासारखं. मग सवय झाली. शेजारच्या काकूंनी एकदा चेष्टा केली, "तुमच्याकडे गुरुवारी दत्त येतात वाटतं." आई तिच्यावर इतकी चिडली की पुढचे दोन महिने वाटीभर साखरेची देवाणघेवाणसुद्धा बंद होती.

मक्तुमसाबला अण्णा एक अवाक्षर बोलले नाहीत. तोच बिचारा आमच्या घरी येऊन रडला. "मालकांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं की," म्हणाला. त्याच्या हातून काही पडलं, फुटलं, तरी अण्णा फक्त एवढंच म्हणत, "इरली बिड, राहू दे." कन्नडमध्ये एकदा आणि मराठीत एकदा, म्हणजे दोन्हींकडून क्षमा.

अशी कितीतरी वर्षं गेली. अण्णा थकले. पाय सुजायला लागले. आमच्या घराला पायऱ्या आहेत, त्या चढताना ते मधेच थांबून कठड्याला धरून उभे राहत आणि बागेतलं काहीतरी बघितल्याचं सोंग करत. एका गुरुवारी ते गेल्यावर बाबा म्हणाले, "हा माणूस असा किती दिवस येणार? चित्र त्यांच्या घरी असायला हवं. पलंगावरून दिसलं पाहिजे."

"पण घेणार नाहीत ना ते," आई म्हणाली.

"लिलावातून गेलं ना? मग लिलावातूनच परत जाईल."

बाबांची कल्पना अशी. चित्र पुन्हा लिलावाला ठेवायचं. लिलाव चालवणाऱ्यानं स्वतः बोली लावायची नाही असा नियम होता, पण सगळ्यांसमोर सांगून दुसऱ्याकडून लावता येत असे. ते मक्तुमसाब करेल. नेहमीच्या मंडळींना बाबा आधी भेटून आले. सराफ, जुनं फर्निचर घेणारे, चौकटीवाले. सगळ्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, आम्ही तोंड उघडणार नाही. अण्णांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "रीतीत बसतंय." त्यांच्या तोंडावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. बाबा तर आठवडाभर शीळ घालत हिंडत होते.

चित्र न्यायला मक्तुमसाब आला तेव्हा आई म्हणाली, "नेताय तर ते शेकोटीचं लोखंडही घेऊन जा. इतकी वर्षं माझ्या पायात येतंय." बाबा हसले. म्हणाले, "बरंच आहे. शेकोटीचं सामान जोडीला असलं की चुकून कुणी बाहेरचा आला तरी हात वर करणार नाही." हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं.

त्या रविवारी गोदाम भरलं होतं. अण्णांनी नवा सदरा घातला होता. इतर सामान झालं, काही चांदी झाली, त्यांनी नावं वाचली, हात जोडले. मग आमची जोड आली. अण्णा म्हणाले, "ह्या नगावर माझ्यासाठी मक्तुमसाब बोलणार आहेत. कुणाची हरकत?" कुणाचीच नव्हती. मक्तुमसाबनं बोली लावली.  अण्णा म्हणाले, "एक वार."

आणि मागच्या रांगेतून कुणीतरी बोलला.

सगळ्या माना वळल्या. एक तरुण माणूस, मोबाइल स्पीकरवर लावून तोंडापुढे धरलेला. दांडेलीच्या जंगलात कुणी नवं हॉटेल काढत होतं, साहेबी थाटाचं. त्यासाठी तो जुन्या वस्तू गोळा करत फिरत होता आणि शेकोटीचं सामान त्यांना हवंच होतं. मक्तुमसाबनं वाढवलं. त्यानं वाढवलं. एक म्हातारा सराफ उठून त्याच्याकडे गेला आणि कानाशी लागून सांगू लागला की बाबा रे, हे चित्र त्यांच्या बायकोनं काढलेलं आहे, तू सोड. त्या पोरानं ऐकून घेतलं. वाईट पोरगा नव्हता तो. त्यानं ते तसंच फोनवर मालकाला सांगितलं. पलीकडचं बोलणं स्पीकरवर अर्ध्या गोदामाला ऐकू आलं, "नीलाम करनेवाले को खुद चाहिए? फिर तो चीज अच्छी होगी. छोड़ना मत."

मक्तुमसाबची झेप संपली. त्याला अण्णांनी जेवढं सांगितलं होतं ते संपलं आणि त्याच्यापुढे त्यानं स्वतःच्या खिशातलंही बोलून टाकलं होतं. पोरानं आणखी वाढवलं तर काय, म्हणून बाबा उठले आणि त्यांनी हात वर केला.

"वकीलसाहेब, खाली बसा," अण्णा म्हणाले. "वस्तू ज्याची, त्याला बोली नाही."

मी हात वर केला.

"घरच्यांनाही नाही, बाळ."

तेवढ्यात त्या पोराचा फोन तुटला. गोदामात रेंजची नेहमीच बोंब. शेवटची बोली मक्तुमसाबची होती. पोरगा "हॅलो, हॅलो" करत दाराकडे धावला. सगळं गोदाम अण्णांकडे बघत होतं. मारा, अण्णा, मारा. कुणी काही बोललं नसतं. "एक वार," अण्णांनी मोजलं. "यरड सल," अण्णा म्हणाले आणि हातोडी उचलून थांबले. बाबा पुटपुटले, "मारा हो." अण्णा थांबलेच. तो पोरगा दारातून आत येईपर्यंत थांबले, आणि आपल्या नेहमीच्या, सभ्य आवाजात त्याला विचारलं, "लागला का फोन?"

लागला होता. त्यानं बोली वाढवली. मग पुन्हा एक वार, पुन्हा यरड सल. हातोडी पडली तेव्हा मक्तुमसाब भिंतीकडे तोंड करून उभा होता. "पुढचा नग आणा," अण्णा म्हणाले.

मला तेव्हा अण्णांचा फार राग आला. अजूनही येतो. इतकं खरं वागायची काय गरज होती? कुणाचं काय बिघडलं असतं? रायापूरच्या आजीसुद्धा असत्या तर म्हणाल्या असत्या, मारा. घरी येताना गाडीत बाबा एवढंच म्हणाले, "करायला गेलो गणपती, झाला मारुती." आई पदरात तोंड घालून बसली होती. ते लोखंड न्या असं मी म्हटलं नसतं तर, असं तिला वाटत होतं हे आम्हाला न सांगता कळत होतं. आणि सगळ्यात वाईट मला पुढे दोन दिवसांनी सुचलं. अण्णांजवळ काहीच नव्हतं असं थोडंच होतं? त्यांच्याजवळ गुरुवार होता. आम्ही त्यांचं भलं करायला गेलो आणि तो काढून घेतला.

गुरुवारी ते येणार नाहीत असं धरून आईनं खुर्ची ठेवलीच नव्हती. चार वाजता फाटक वाजलं. आम्ही तिघंही दारात. ते पायऱ्यांवर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. आत आल्यावर भिंतीकडे बघितलं. रंग उडालेल्या भिंतीवर चित्राएवढा ताजा चौकोन होता. आई रडायलाच लागली. "अण्णा, चुकलं हो आमचं."

"तुमचं काय चुकलं, आक्का? माझ्या हातानं दिलं मी, दोन्ही वेळा." त्यांनी वेताची खुर्ची स्वतः ओढली आणि आमच्याकडे तोंड करून बसले. "आता बघायला काही नाही. म्हणून म्हटलं, थोडं सांगावं."

आणि इतकी वर्षं आमच्याकडे येऊन न बोललेला तो माणूस त्या दिवशी बोलला. तिचं नाव कमल होतं. आम्हाला तिचं नाव त्या दिवशी कळलं. ती भाकरी जाड करायची, आणि बोललं की म्हणायची, "जाड भाकरीला दात लागतात, तुमच्या लिलावाला लागत नाहीत." चित्रकलेच्या शिक्षकांकडून ती शिकली होती, पण सासरी आल्यावर रंगांना हात लावला नव्हता. सासूबाई गेल्यावर मग लावला. उणकलला तेव्हा वस्ती नव्हती. अण्णा तिला सायकलवर मागे बसवून रोज संध्याकाळी तळ्यावर नेत, कारण प्रकाश रोज तेवढाच वेळ तसा असायचा. ती रंगवायची आणि हे कंटाळून इकडेतिकडे फिरायचे. ती ओरडायची, "एका जागी उभे राहा, तुम्ही चित्रात येताय."

"मग एकदा म्हणाली, आता राहूच दे, आलातच आहात तर," अण्णा म्हणाले. ते हसत होते. "डाव्या हाताला, पाण्याच्या काठावर, पांढरा ठिपका. तो मी. लोकांना बगळा वाटतोय. बघितला असाल की तुम्ही."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. चित्र इतकी वर्षं आमच्या भिंतीवर होतं. त्याच्याखाली आम्ही जेवलो, भांडलो, माझं लग्न ठरलं आणि मोडलं तेही त्याच्याखाली. मला तळं आठवत होतं, वरचं तांबूस आभाळ आठवत होतं, झाडं आठवत होती. ठिपका आठवेना. आईच्या तोंडावरून दिसत होतं की तिलाही आठवत नाही.

"बघितला की," बाबा म्हणाले. "रोज बघायचो."

अण्णांनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं, मान हलवली आणि कॉफी संपवली. जाताना आईला वाकून नमस्कार केला. एवढ्या मोठ्या माणसानं आपल्या पाया पडू नये म्हणून ती दोन पावलं मागे सरली.

नंतर ते आले नाहीत. पायऱ्या चढणं जमेना म्हणून मीच दर रविवारी जाऊन यायची, पण लिलाव तोपर्यंत बंद झाला होता आणि ते बहुतेक झोपलेले असत. पावसाळा संपता संपता गेले. मक्तुमसाबनंच फोन केला.

आज कशाचाही फोटो निघतो, कपातल्या चहाचासुद्धा. आमच्या घरातल्या सगळ्या फोनांतले फोटो मी चाळले. गणपतीच्या एका फोटोत मागे चित्र आहे, पण डाव्या बाजूला नेमकं आईचं डोकं आलंय. त्या हॉटेलवाल्या पोराला शोधून काढून फोन केला. फार अदबीनं बोलला. चौकट त्याला चांगली आठवत होती, तिच्यात आरसा बसवलाय म्हणाला. आतल्या चित्राचं काय झालं हे त्याला सांगता आलं नाही आणि लिलावाच्या दिवशी मोबाइलवर काढलेला फोटो त्यानं कधीच पुसून टाकला होता.

हे मी बाबांना सांगितलेलं नाही. त्यांची नजर आता अधू झालीय आणि बऱ्याच गोष्टी ते विसरतात. पण गुरुवारी दुपारी झोपून उठले की हटकून विचारतात, "होता का गं तो ठिपका?" आई स्वयंपाकघरातून म्हणते, होता. मी म्हणते, होता. ते थोडा वेळ भिंतीकडे बघतात आणि म्हणतात, "मग मला का दिसला नाही?"